पत्रिकेत नाव असलेला माणूस

१ एप्रिल, सकाळी
नवीन आर्थिक वर्ष. नवीन डायरी (ऑफिसची आहे, पण गेल्या वर्षीची पगारवाढ बघता एक डायरी माझी होतेच).
संकल्प एकच. पगारात नऊ हजारांची वाढ. नऊच का, तर आभाच्या क्लासचे महिन्याला तेवढे येतात. आभा म्हणजे माझी बायको. तिच्या घशात गाठी आल्यात. डॉक्टर म्हणाले, शिकवणं बंद, दोन महिने शक्यतो बोलणंही बंद, नाहीतर आवाज कायमचा जाईल. मी तिला शब्द दिला, पंधरा तारखेपासून क्लास बंद, नऊ हजार मी आणतो.
शब्द दिला की मी तो पाळतोच.

२ एप्रिल
शेठशी बोलणार होतो. शेठ चांगल्या मूडमध्ये नव्हते.

३ एप्रिल
शेठ फारच चांगल्या मूडमध्ये होते. तो घालवणं बरं दिसेना.

५ एप्रिल
वाढ जाहीर झाली. सरसकट चार टक्के. माझे चौदाशे चाळीस.
ताबडतोब केबिनमध्ये शिरलो. भाषण पाठ होतं. सुरुवात, 'शेठ, मी एकवीस वर्षं.' एवढंच झालं. कमलाकरशेठ म्हणाले, टेंबेसायेब, बसा, च्या घ्या. बाकीचे नोकर हायत, त्यांना टक्के. तुमी घरचा मानूस. घरच्या मानसाशी पैशाचं बोलनं बरं दिसतं काय? आमच्या आईनं शिकवलंच नाय तसं.
आईपर्यंत गोष्ट गेल्यावर काय बोलणार?
बाहेर आलो तेव्हा एका हातात आंब्याची पेटी होती आणि दुसऱ्या हातात ऑफिसची किल्ली. उद्यापासून ऑफिस मी उघडायचं. एवढा विश्वास शेठनी आजवर कोणावर टाकलेला नाही. याआधी वॉचमन उघडायचा, पण ते वेगळं.
आभाने पेटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बोलायची परवानगी नाही म्हणून वाचलो.

८ एप्रिल
एसटी स्टँडसमोर रसवंतीवर सत्यजीत भेटला. आमच्याच ऑफिसमध्ये होता, कंटेनरची कागदपत्रं कशी करायची हे त्याला मी शिकवलं. तेव्हापासून दोन नोकऱ्या बदलल्या, आज अठ्ठावन्न हजार घेतो. म्हणाला, काका, वाढ मागून मिळत नाही, नोकरी बदलून मिळते, तुमचा सीव्ही पाठवा.
'काका' खटकलं. सीव्ही मात्र पाठवला. लीडरशिपच्या रकान्यात लिहिलं, ऑफिसची किल्ली माझ्याकडे असते.

१२ एप्रिल
कळंबोलीच्या एका मोठ्या गोदामवाल्या कंपनीतून फोन. एचआरच्या कादंबरी मॅडम. समोर शेठ बसलेले, म्हणून विमा एजंटशी बोलतोय असं दाखवलं. त्यांनी अपेक्षा विचारली. सत्यजीतने पंचावन्न सांगा म्हटलं होतं. पण हावरटपणा मला जमत नाही. पंचेचाळीस म्हणालो, वर 'थोडं कमी-जास्त चालेल' हेही. मॅडम लगेच हो म्हणाल्या.
इतक्या लगेच, यावरून माझी छाप कळते. शेठनी विचारलं, कसली पॉलिसी? म्हटलं, पेन्शनची. म्हणाले, आमी असताना तुमाला पेन्शन कशाला?

१५ एप्रिल
क्लास बंद करायची तारीख. चालू आहे. दहावीच्या व्हेकेशन बॅचची फी आधीच घेतलीय, परत द्यायची तर आणायची कुठून? मुदत ३० पर्यंत वाढवली.
संध्याकाळी हॉलमध्ये मुलं असतात, म्हणून मी बेडरूममध्ये. आभा स्टीलच्या डब्यावर चमचा वाजवून मुलांना गप्प करते आणि उरलेल्या आवाजात भूमिती शिकवते. आवाज दार घासल्यासारखा येतो.
एक चांगलं. घरात हल्ली माझ्या बोलण्याला विरोध होत नाही. माझ्या नव्या आत्मविश्वासाचा परिणाम दिसतो.

१९ एप्रिल
इंटरव्ह्यू! (शेठना दात काढायला जातो म्हणून सांगितलं.) मॅडम खूश. फक्त डायरेक्टरची सही बाकी.
निघताना भिंतीवर डायरेक्टरचा फोटो दिसला आणि मी जागीच थांबलो. काशीरामशेठ! म्हणजे आमच्या दिपिकाचे होणारे सासरे! दिपिका ही शेठची मुलगी, पुढच्या महिन्यात काशीरामशेठच्या प्रितमशी तिचं लग्न. साखरपुड्यात त्यांच्या ताटात जिलबी मीच वाढली होती.
ओळख निघाली. काम फत्ते.
सत्यजीतला फोन करून सांगितलं. त्याने डायरेक्टरचं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला, काका, आपण दुसरीकडे बघूया. नव्या पिढीला ओळखीची किंमत कळत नाही.

२२ एप्रिल
लग्नपत्रिकेचं काम माझ्याकडे आलं. घरचा माणूस म्हणून. रोज ऑफिस सुटलं की बाजारातल्या प्रेसवर. पत्रिका चार पानी. आजे, काके, मामे, आत्ये, सगळी भावकी. एकाचं नाव राहिलं तर लग्नात तो जेवणार नाही, असं शेठनी बजावलंय.
प्रूफ वाचता वाचता डोक्यात प्रकाश पडला. व्याह्यांच्या घरची पत्रिका काशीरामशेठ वाचणारच. तिच्यात माझं नाव दिसलं, तर सहीला असा कितीसा वेळ लागेल?
प्रेसवाल्याने विचारलं, कुठे टाकू? म्हटलं, 'आपले नम्र'मध्ये, सख्ख्या काकांच्या खाली. जरा ठळक. 'श्री. अविनाश टेंबे (साहेब)'. साहेब त्यानेच सुचवलं. मी फक्त नको म्हटलं नाही.

२६ एप्रिल
पत्रिका छापून आली. शेठ बोट फिरवत वाचत होते. बोट माझ्या नावावर थांबलं. मी दाराकडे सरकलो.
शेठच्या डोळ्यांत पाणी! म्हणाले, सायेब, आमच्या मनात व्हतं, पन तोंडातून निघत नव्हतं. आता तुमी आमचे सख्खे भाव. आणि मिठी मारली. एकवीस वर्षांत पहिली. मलाही भरून आलं, खोटं कशाला लिहू?
मग म्हणाले, भाव म्हटल्यावर मांडव, जेवन, गाड्या, समदं तुमी बघायचं. सुट्ट्या रद्द.

२८ एप्रिल
करंजाडे चौकात लग्नाचा फ्लेक्स लागला. त्यात मी आहे. फ्लेक्सवाल्याने मला गॉगल चढवलाय आणि गळ्यात साखळी. साखळी शेजारच्या मामांची असावी, त्यांचा गळा मोकळा दिसतो. सोसायटीच्या सेक्रेटरीने आज आपणहून नमस्कार केला, वर मेंटेनन्स थकलाय याची आठवणही करून दिली. फ्लेक्सवरच्या माणसाला हे शोभत नाही म्हणाला.
रात्री स्वयंपाकघरातून आभाचा व्हॉट्सअ‍ॅप आला. मी बेडरूममध्येच होतो. मजकूर: ३० तारीख?

३० एप्रिल
मुदत १७ मेपर्यंत. लग्न पार पडलं की लगेच.

६ मे
काशीरामशेठना भेटलो. टेबलावर आमची पत्रिका. मला बघून ते खुर्चीतून उठले. अख्खा डायरेक्टर उठला! थंडा मागवला. पत्रिकेतल्या माझ्या नावावर बोट ठेवून म्हणाले, तुमी तर आमचे व्याहीच. नवरीचे काका. तुमाला आमी नोकर ठेवायचा? व्याह्याचा मानूस फोडला म्हनून गावकी तोंडात शेन घालंल आमच्या. बसा, थंडा घ्या.
मी म्हटलं, ते नाव आपलं असंच आहे. ते म्हणाले, पत्रिकेत असंच कुनाचं नाव येत नाय.
सीव्ही परत दिला. वर शाल आणि नारळ. मुलीकडच्यांचा मान.
स्पष्ट नकार नाही. 'आत्ता नको, लग्नानंतर बघू' असाच याचा अर्थ.

७ मे
कादंबरी मॅडमची मेल. ती जागा भरली.
दुसऱ्या कोणाची मेल घाईघाईत मला आली असेल. पत्ता मात्र माझाच आहे.
आभाचा आवाज आज दुपारपासून पूर्ण गेला. क्लासला तिने नुसतं फळ्यावर लिहिलं. मुलांनी आपसात गप्पा मारल्या. मी दाराच्या फटीतून बघत होतो. बाहेर यायची हिंमत झाली नाही.

१५ मे
शेठच्या घरची हळद. अख्खं गाव जेवायला. मी गाड्या लावून घेत होतो, मग मटणाची पातेली मोजत होतो. काशीरामशेठकडची मंडळीही आली होती.
ऐन गर्दीत काशीरामशेठ शेठना म्हणाले, व्याही, तुमचा भाव आमच्याकडं नोकरी मागायला आलेला बरं का! गंमत म्हणूनच म्हणाले. आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले.
शेठ माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. विमा, दात, काहीही. मी पातेली पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.
मग शेठ मोठ्याने हसले. मूठभर हळद माझ्या तोंडाला फासली आणि म्हणाले, घरचा मानूस रुसतो. रुसून जानार कुठं? व्याह्याकडंच! सगळे हसले. मीही हसलो. बाकीचे थांबले तरी मी हसतच होतो.

१९ मे
शेठनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला सांगितलं. आता आकडा बोलणार. मला गमावण्याची भीती शेठना वाटलेली दिसते.
म्हणाले, दोन घरं आता एक झाली. काशीरामशेठचे पन कागद अडलेत. तिथली जागा भरली व्हती, तो पोरगा आठ दिसांत पळाला. चार वाजल्यानंतर तिकडं जाऊन बघत जा. सकाळी तिकडचं कुलूप पन तुमीच काढा. तुमी आता दोनी घरचा मानूस.
मी विचारलं, पगार? (विचारलं! लिहून ठेवतो.)
शेठ दुखावले. म्हणाले, एका घरात दोन पगार कसे, सायेब? पन एवढी पैशाची नड कशाला पडली तुमाला?
तेव्हा पहिल्यांदा आभाच्या घशाचं सांगितलं. सांगताना लक्षात आलं, दीड महिन्यात शेठना पेन्शन सांगितली, दात सांगितला, हे तेवढं सांगितलंच नव्हतं. 
शेठ खरंच हळहळले. म्हणाले, आदी नाय सांगायचं? वयनींचा घसा! परका समजलात आमाला? उठले, कपाट उघडलं. मी टेबलावरचं पेन त्यांच्या बाजूला सरकवलं. चेकबुक त्याच कपाटात असतं.
हळदीत नावं पुकारायला आणलेला माइक काढला. कानाला लावायचा, कमरेला छोटा स्पीकर. म्हणाले, वयनींना द्या. आता वरडायला नको.

२ जून, संध्याकाळी
आभाने दोन आठवडे क्लास बंद ठेवला होता. दोन आठवड्यांची फी परत केली, जमेत आंब्याची पेटी धरून सगळा हिशोब मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. आवाज थोडा आलाय. कुजबुजण्यापुरता. डॉक्टर तेही नको म्हणतात.
आज क्लास पुन्हा सुरू. तिने माइक कानाला लावला. स्पीकर कमरेला. फुंकर मारून बघितली. मुलं दारात चपला काढत होती. मी हॉलमध्ये उभा होतो, यंत्र चालतं की नाही ते बघायला. हे यंत्र माझ्या शब्दामुळे आलंय, असं तिला सांगायचं होतं.
ती माझ्याकडे बघून हळूच बोलली. दोन महिन्यांत माझ्याशी बोललेलं पहिलं पूर्ण वाक्य. स्पीकर चांगलाच आहे, तळमजल्यापर्यंत गेलं. म्हणाली, घरच्या माणसाने आत जाऊन बसावं, बाहेरची मुलं आली आहेत.
आत आलोय. दार लावलं तरी भूमिती ऐकू येते.
उद्या लवकर उठायला हवं. किल्ल्या आता दोन आहेत.