वाजवायची कवळी आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट पूर्ण, धंदा कवळ्या बनवण्याचा, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, की गोड बोलून गळ घातलेली नाही. वकीलबाईंनी मसुदा वाचून "यातलं निम्मं गाळता येईल" असा शेरा मारला होता. गाळलेले नाही.

१. नऊ वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द होत आहे. त्यातले चौथे कलम असे होते: 'माझ्या थोरल्या भावाला काहीही देऊ नये. का, ते त्याला ठाऊक आहे.' ते का बदलले, हे सातव्या कलमात येईल.

२. तळमजल्यावरची कार्यशाळा, पॉलिशचे यंत्र, मेण वितळवायची शेगडी, साचे, कोरण्या आणि दातांच्या छटांची पट्टी हे सर्व माझ्या जोडीदारणीला द्यावे. एकोणीस वर्षे ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसते आहे. बारीक कोरणीला मात्र धार तिनेच लावावी, बाहेर देऊ नये.

हा धंदा मी निवडला नाही. सतराव्या वर्षी मी शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत असे. दादा तेव्हा एकवीस वर्षांचा. मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून तालमीला सोडायचा. एके दिवशी उतारावर सायकल आडवी झाली आणि माझे पुढचे दोन दात फुटपाथच्या कडेवर राहिले. ट्रम्पेट मांडीवर होता, त्याला पोचासुद्धा आला नाही. बँडमास्तर म्हणाले, "दात गेले, आता वाजवणं विसर." ट्रम्पेट शाळेचा होता, शाळेत परत गेला. दोन खोटे दात बसवायला मी एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेले, तो ते कसे घडवतो हे बघत बसले, आणि तिथेच कामाला राहिले.

घरी आल्यावर दादाने सांगितले होते, "हिनंच मधे उडी मारली." खरे तर त्याने हँडलवरचे दोन्ही हात सोडले होते. घराने त्याचे ऐकले. पुढे दर समारंभात तो हा किस्सा रंगवून सांगायचा, लोक हसायचे, आणि मी ओठ मिटून बसायची.

३. माझ्या दोन कवळ्यांपैकी जेवायची फेकून द्यावी. वाजवायची कवळी, तिच्या चारही फसलेल्या आवृत्त्यांसह, जोडीदारणीने सांभाळावी. कोणी वाजवणारा आला तर तिला नमुना लागेल.

तिची हकिकत अशी. सहा वर्षांपूर्वी अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. आम्ही त्यांना बंबवाले म्हणतो. वरचे सगळे दात गेलेले, हातात ट्रम्पेटची पेटी. म्हणाले, "बाई, जेवता नाही आलं तरी चालेल, वाजवता आलं पाहिजे." माउथपीस टेकला की कवळी मागून सुटायची. मी मागची कड लांबवली, टाळूचा भाग पातळ केला, पुढचे दात तांदळाच्या दाण्याएवढे आत घेतले. चौथ्या खेपेला कार्यशाळेत असा काही सूर निघाला की जोडीदारणीच्या हातून मेणाची वाटी सुटली.

बंबवाले म्हणाले, "दाब नेमका कुठं पडतो, हे तुम्हाला कसं कळलं?"

"कधीकाळी वाजवायची मी."

"मग सोडलं कशाला?"

"दात गेले."

"बाई, तुम्ही दात बनवता ना?"

मी हसले नाही. त्या दिवशी दुपारी मी काम केले नाही. चव्वेचाळीस वर्षे शेकडो लोकांचे दात बनवले, पण आपल्या दोन दातांची पट्टी वाजवण्याजोगी करून बघावी, असे एकदाही मनात आले नव्हते. दादाला दोष देणे सोपे होते, त्यात हात चालवावा लागत नव्हता. हे मी इथे लिहून ठेवते, कारण दुसरे कोणी ते लिहिणार नाही.

माझे उरलेले वरचे दातही तेव्हा डळमळीतच होते. ते काढून घेतले, एक जुना ट्रम्पेट विकत घेतला आणि स्वतःसाठी कवळी घडवली; ती पाचव्या खेपेला जमली. पहिल्या दिवशी ट्रम्पेटमधून जे बाहेर पडले त्याला सूर म्हणणे म्हणजे सुराची बदनामी. ओठ सुजले. तीन महिन्यांनी एक सरळ, लांब सूर लागला. मी तो पुन्हा वाजवला नाही, बिघडेल म्हणून. जिन्यात बसून राहिले.

४. माझा ट्रम्पेट आमच्या हौशी वादक मंडळाला द्यावा. तो फक्त चाळिशी उलटलेल्या, मधे सोडून दिलेल्या माणसाला वापरायला द्यावा. मुलांना वाद्य द्यायला पुष्कळ जण पुढे येतात.

५. बँकेतली शिल्लक मंडळाच्या तालमीच्या जागेसाठी. अट एकच: चुकलेल्याकडे वळून बघायचे नाही.

६. समोरच्या घरातल्या निवृत्त मुख्याध्यापकांना काहीही नाही. माझ्या सरावाविरुद्ध त्यांनी तीन तक्रारपत्रे लिहिली, एकातही शुद्धलेखनाची चूक नाही. तिसऱ्यात त्यांनी लिहिले आहे, 'सूर सुधारला आहे, आवाज तेवढाच आहे.' माझ्या वादनावर लेखी अभिप्राय हा एवढाच, म्हणून तो जपून ठेवला आहे. ज्याला काही मिळत नाही त्यालाच साक्षीदार होता येते, असे वकीलबाईंनी सांगितल्यावर ते आनंदाने तयार झाले.

७. राहते घर माझ्या पुतणीला, म्हणजे दादाच्या मुलीला, द्यावे. पुढची खोली मात्र दादाच्या हयातीत त्याचीच राहील.

गेल्या महिन्यात मंडळाचा कार्यक्रम झाला. पुतणी दादाला घेऊन आली. तो आता एकाहत्तरचा, कानाला यंत्र लावतो. मी दुसऱ्या ओळीत होते. कार्यक्रमानंतर चहा घेताना बंबवाल्यांनी त्याला सहज विचारले, "बहीण एवढं छान वाजवते, मग सोडलं कसं होतं हो?"

मी कप खाली ठेवला. आता उडीचा किस्सा येणार.

"मी सोडले होते," दादा म्हणाला.

"काय?"

"हात. सायकलचे. दोन्ही. मित्र बघत होते म्हणून. हिनं उडी मारलीच नव्हती."

पुतणीने आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले. लहानपणापासून तिने उडीचा किस्साच ऐकला होता.

पन्नास वर्षे मी या वाक्याला काय उत्तर द्यायचे ते घोकत होते. "दादा, चहा गार होतोय," एवढेच तोंडून निघाले. त्याने कप उचलला, बशी मी धरली. घरी जाताना तो म्हणाला, "कार्यक्रमात मधे एकदा तू एकटीच वाजवत होतीस ना? मला ऐकू आलं." ऐकू आले असेल की नाही, देव जाणे. दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना फोन केला.

८. हे मृत्युपत्र अमलात आणण्याची कोणी घाई करू नये. मंगळवारी मंडळाने नवी रचना हाती दिली आहे. त्यात सोळा मात्रा माझ्या एकटीच्या आहेत, आणि अकराव्या मात्रेवरचा वरचा सूर सध्या तीनदा वाजवला तर एकदाच लागतो. कार्यक्रमाला चार महिने आहेत. रोज सकाळी दहा ते अकरा मी कोणालाही उपलब्ध नाही, यमालाही नाही.

वर लिहिलेले सर्व मी साक्षीदारांना वाचून दाखवले, त्यांच्या देखत सही केली, आणि माझ्या देखत त्यांनी केली.

सही: (कवळ्या बनवणारी)

साक्षीदार पहिला: समोरच्या घरातले निवृत्त मुख्याध्यापक. 'वाचले. दोन ठिकाणी स्वल्पविराम सुचवले, ते घेतले.'

साक्षीदार दुसरी: वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई

स्थळ: माझी कार्यशाळा, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: १५ मार्च, रविवार, सकाळी पावणेदहा