एक फेरा खाली

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नातवाला दात आल्याचं बाबांनी शेजारच्या टेलरला शिवण थांबवायला लावून सांगितलं. मी ठीक आहे. ठीक नाही, तेच लिहायला बसलोय.

परगावच्या वाद्यांच्या कारखान्याने मला बोलावलंय, गिटार जोडणीच्या विभागाचा प्रमुख म्हणून. महिनाअखेरपर्यंत हो की नाही कळवायचंय. शाळा सुटल्यापासून मी बाबांच्या या बिनखिडकीच्या गिटारच्या वर्कशॉपमध्ये भुसा खातोय. मला जायचंय ताई, फार जायचंय. पण पाय निघत नाही.

कारण बाबांचे कान. वरचे, बारीक स्वर त्यांना ऐकू येईनासे झालेत. गिऱ्हाईक लाकूड कुठलं ते विचारतं आणि बाबा त्यावर तासभर बोलतात. लाकडाने, तारांनी, मानेच्या जोडाने फरक पडत असेलही, पण इलेक्ट्रिक गिटारचा आवाज उचलतो तो तारांखालचा पिकअप, म्हणजे भोवती बारीक तांब्याची तार गुंडाळलेली चुंबकं. तो तारांच्या फार जवळ गेला की आवाज कर्कश होतो आणि चुंबक तारेला ओढतं, मग स्वर लांबत नाही, थरथरून मरतो. बाबांना चांगला आवाजही बोथट वाटतो, म्हणून ते स्क्रू फिरवून पिकअप वर चढवतात. संध्याकाळी ते वर जेवायला गेले की मी स्क्रू एक फेरा खाली उतरवतो. वर्ष झालं असेल. लोक म्हणतात, म्हातारबांचा कान अजून शाबूत आहे. मी गेलो तर महिन्याभरात त्यांचं नाव धुळीला मिळेल.

यातलं त्यांना काही कळवू नकोस, तुला माझी शपथ. भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तो असाच राहू द्यावा.

तुझा
धाकटा

११ मार्च

चि. मुखदुर्बळास,
अ. उ. आ.

भाजीत मीठ जास्त पडलं तरी तू सांगत नाहीस, दोन घोट पाणी जास्त पितोस. पण मिठाचं वेगळं आणि आयुष्याचं वेगळं. जन्मभर दुसऱ्याचे स्क्रू उतरवत बसणार आहेस का? बाबांना सरळ सांग. चिडतील, ताटावरून उठतील, मग भूक लागली की येतील ताळ्यावर. मीच सांगणार होते, तर तू शपथ घालून माझ्याही तोंडाला कुलूप लावलंस. तुम्हा दोघांच्या काळजीने इथे माझा जीव टांगणीला लागलाय.

कारखान्याला घाईने नाही मात्र कळवू नकोस. बाळ तुझं पत्र चावून ओलं करून बसलंय. रागावले आहे, पण लोभ तेवढाच आहे, तुझाही कमी होऊ देऊ नये.

तुझी
ताई

१६ मार्च

चि. सौ. मोठीस,
अ. उ. आ.

मी पत्र लिहीत नाही ही तुझी नेहमीची तक्रार. आज लिहितोय, तर धाकट्याला त्याचा पत्ता लागू देऊ नकोस.

मला कमी ऐकू येतं. किटलीची शिट्टी ऐकूच येत नाही, झाकण उडायला लागलं की कळतं. हे कबूल करण्याआधी माझ्या बोटांना कळलं होतं, की मी चढवलेले स्क्रू सकाळी खाली आलेले असतात. पहिल्यांदा डोकं फिरलं. मग त्यातली एक गिटार वाजवणाऱ्याचा चेहरा पाहिला आणि गप्प बसलो. पोराचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे.

खरं सांगू? मला दुकान बंद करायचंय. गुडघे उभं राहू देत नाहीत, भुशाने खोकला सुटतो. तुझ्याकडे यावं, नातवाला मांडीवर घ्यावं असं फार वाटतं. पण हा कुठे जाईल? चार माणसांत गेला की पायांकडे बघत राहतो, त्याला बाहेर कोण विचारणार? म्हणून हल्ली मी मुद्दामच पिकअप वर चढवतो. संध्याकाळी उतरवताना, आपल्यावाचून इथलं अडतं असं त्याला वाटत असेल. तेवढाच त्याला आधार. त्यापायी मी इथे अडकून पडलोय, पण बाप आहे, काय करणार?

जावयांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

बाबा

२१ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले आणि मग रडत बसले. धाकट्याने घातलेली शपथ आज मोडते. त्याला बाहेर विचारणारं आहे. परगावच्या कारखान्याने विभागाचा प्रमुख म्हणून बोलावलंय आणि तो तुमच्यासाठी थांबलाय. तुम्ही त्याच्यासाठी थांबलाय. दोघांनी मिळून एकमेकांना कोंडून घातलंय आणि किल्ली माझ्याकडे पाठवलीत.

दुकान बंद करतोय म्हणून सांगा आणि त्याला मोकळं करा. तुमच्यासाठी मागची खोली आवरून ठेवली आहे. उत्तराऐवजी तुम्हीच यावं, एवढी लेकीची मागणी.

आपली
मोठी

३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मागच्या सोमवारी एक गिऱ्हाईक दुपारीच येऊन गिटार घेऊन गेलं, मला स्क्रूला हात लावायला सवडच मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी तो माणूस ती परत घेऊन आला आणि चार लोकांसमोर बाबांना वाटेल ते बोलला. बाबा नुसते फडक्याने गिटार पुसत राहिले. मला ते बघवलं नाही. त्याच संध्याकाळी मी कारखान्याला नाही कळवलं. जागा दुसऱ्याला दिल्याचं त्यांचं उलट टपाली उत्तरही आलं.

आणि काल जेवताना बाबा म्हणाले, दुकान बंद करतोय, जागेच्या मालकाला सांगूनही आलोय. कारखान्याचं कळलंय मला, तू खुशाल जा. त्यांना कळवणं हे तुझंच काम ताई, पण तुझ्यावर रागवायचंही त्राण नाही. मग मला खाली घेऊन गेले. शेवटच्या गिटारच्या तारा आणि पिकअप यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून त्यांनी माझ्यादेखत नुसत्या बोटांनी उंची लावली. मी वाजवून पाहिली, अगदी बरोबर होती. म्हणाले, बघ, तुझ्यावाचून काही अडत नाही. त्यांना एवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. टेलरला सांगून झालं, माझा मुलगा प्रमुख होऊन चाललाय. मला नवे बूट आणलेत. मी त्या बुटांकडे बघत राहिलो आणि नाही कळवल्याचं सांगायचं राहून गेलं.

परवा निघायचं ठरलंय. ते मला बसपर्यंत पोचवायला येणार आहेत. मी बसमध्ये बसेन, पण उतरायचं कुठे ते मला माहीत नाही. तुझ्याकडे आलो असतो, पण चार दिवसांनी तिथे बाबा येणार. त्यांना यातलं काही सांगू नकोस.

पत्ता ठरला की कळवीन. माझ्या वाटचा लोभ तोवर तुझ्याजवळच राहू द्यावा.

तुझा
धाकटा