कडब्याची गंज आणि वैशूचा कागद

४ एप्रिल, गुरु.
आज नातीनं कागद केला! वैशूनं. गोठ्याच्या पडवीत, आपल्या घरी. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला वाटायचं कागद कारखान्यातच होतो. ही शहरात शिकून आली. म्हणते झाड तोडायचं नाही, शेतातलं टाकाऊ शिजवायचं, कुटायचं, जाळीवर झेलायचं. भिंतीवर वाळवलेला पापडासारखा सुटला. एक मला दिला, त्यावरच लिहितेय. पेन अडकतं, शाई फुटते, तरी गालाला लावून बघितला दोनदा. शेजारची गंगू म्हणाली, "म्हातारे, नातीनं नाव काढलं गं." नजर मात्र तिची आमच्या कडब्याच्या गंजीवर.

७ एप्रिल
ओसरीवर बसलं की गंजीआड कंपनीचं निळं छप्पर दिसत नव्हतं. आज दिसलं. म्हैस एकच, एवढी वैरण गेली कुठं? शेंद्र्याच्या बाजूची जमीन कंपनीत गेली, मेंढरं गेली, राहिली ही काशी. भगवान म्हणतो, "माय, गंज सरली की काशीला बाजार. टँकरवर आपण जगतोय, तिला काय घालू?" लेक माझाच, पण बोलतो व्यापाऱ्यासारखं.

९ एप्रिल, पाडवा
पुरण चांगलं झालं, जायफळ जास्त. सून सुशी, तिला विचारलं, काशीला वैरण किती घालतीस?
"आत्याबाई, रोजच्यासारखीच. जरा जास्त. गव्हाण रिकामी दिसली की हंबरती."
गंगू नेत असंल असं वाटलं होतं. पण तिच्याकडं तर शेळीही नाही. मग घरातलंच कुणी. वैशूचा कागद कशाचा? विचारलं. "पऱ्हाटीचा गं आज्जी, कापसाच्या काड्या." फार पटकन बोलली.

१२ एप्रिल
गुडघा दुखतो म्हणून महिनाभर गोठ्यात गेले नव्हते. आज काठी टेकत गेले. वैशूचा एक कोरा कागद घेऊन. काशीपुढं धरला. पऱ्हाटीचा असंल तर हुंगून सोडंल, कडब्याचा असंल तर खाईल, असा माझा हिशेब. खाल्ला की! अख्खा. दुसरा मागितला तोंडानं. वैशे, सापडलीस.

१३ एप्रिल
म्हटलं, "जनावराच्या तोंडचं काढून कागद करतीस व्हय?"
"गंजीला हात लावला नाय, आईशप्पत. चघळ आहे ते. काशीनं खाऊन टाकलेले बुडखे. गव्हाण मीच झाडते की."
"मग पऱ्हाटी कशाला म्हणलीस?"
"वैरणीचं नाव काढलं की तू अंगावर येतीस म्हणून."
गोड हसली. मीही हसले. कागद छान करते हो पोरगी, गव्हाळ, मऊ.
अंथरुणावर पडल्यावर मात्र आठवलं. दुष्काळात चघळ? पूर्वीच्या दुष्काळात आमच्या म्हशींनी छपराचं गवत ओढून खाल्लेलं. चघळ उरतं कसं?

१५ एप्रिल
सकाळपासून गोठ्यात बाज टाकून बसले. सुशीनं पेंढी टाकली. काशीनं पाला खाल्ला, धाटं तोंडात घेतली, फिरवली, टाकली. फिरवली, टाकली. लाळ गळते. जबडा धरून बघायला गेले तर मान झटकली. कागद मऊ होता म्हणून खाल्ला, एवढं डोक्यात यायला मला तीन दिवस लागले. गंज कुणी नेली नाही. काशीच खात नाही, सुशी वरून टाकत राहते, आणि उरलेलं पातेल्यात शिजतं.
बरगड्या हाताला लागल्या. म्हणजे कधीपासून?

१८ एप्रिल
जनावरांचा डॉक्टर आला. दाढ वाढून गालात घुसलीय. घासायची कानस घेऊन परवा येतो, तोवर बारीक कुट्टी, भिजवून. दाढ घासल्यावर खायला लागली तर ठीक, नाहीतर वय झालं समजा, म्हणाला. भगवाननं लगेच व्यापाऱ्याला लावायला फोन काढला. म्हटलं, परवापर्यंत खिशात ठेव तो.
वैशूनं कुट्टी केली. हातानं भरवली. काशीनं थोडं खाल्लं. पोरगी रडली. मनापासून रडली असंल. रोज झाडते गव्हाण. बुडखे वाढत गेलेले तिला दिसले असतीलच. कळलं नसंल. का कळून, कागदापायी...
"वैशे."
"काय गं आज्जी?"
तोंडाकडं बघत राहिले तिच्या.
"काय नाय. पाणी कोमट घे."