ब्रह्मकमळाच्या कुंडीत अळीव

८ मे २००७
शुभांगी माहेरी गेली, चिपळूणला. रात्री फोन केला, पहाटे भाऊ गाडी घेऊन दारात. चिनूलाही नेलं. सून आणि नात एका फेरीत. ही वही शुभांगीचीच, झाडाला खत कधी घातलं ते लिहायची. मागची पानं कोरी आहेत. महेश कामावर. भिंतीशी बोलण्यापेक्षा लिहिलेलं बरं. चौथीपर्यंतचं येतंय तेवढं.

मूल जाऊन नऊ दिवस. दिवस भरत आले होते, पोटातच गेलं. मुलगी. महेश आणि त्याचा मित्र घेऊन गेले. मला नेलं नाही.

काल तिच्यापुढे अळिवाची खीर ठेवली. नको म्हणाली. मी म्हटलं, "मूल गेलं म्हणून बाळंतपण गेलं का? उद्या कंबर धरलीस तर मला हाक मारू नकोस." तिने वाटी उचलली, मोरीत ओतली.

आजच्या खिरीचे अळीव मी उठल्या उठल्या भिजवले होते. ती गेली, ते फुगून बसले. टाकवेनात. तिच्या ब्रह्मकमळाच्या कुंडीत ओतले. खत होईल.

ब्रह्मकमळ म्हणे. जात निवडुंगाची आणि धड काटेही नाहीत. आईकडून पान आणून लावलंन, सहा वर्षं झाली. एक फूल नाही. तरी दर पंधरा तारखेला गांडूळखत, दोन चमचे, मोजून.

११ मे
कुंडीत हिरवी लव. खत कसलं, उगवले मेले.

१४ मे
डब्यात डिंकाचे लाडू आहेत, महिना पुरतील. महेश खात नाही. मीच खाते. बासष्टाव्या वर्षी माझं बाळंतपण चाललंय.
रडू येत नाही. झोप लागते, भूक लागते. सगळं नीट चालू आहे.

१५ मे
खत, २ चमचे.

१७ मे
समोरच्या हंसाबेन दही मागायला आल्या. ग्रिलमधे कुंडी बघून म्हणाल्या, "मौसी, ये तो असेळियो उगा है! हमारे में डिलिवरी के बाद देते हैं. दूध उतरता है."
मी म्हटलं, "मालूम है. दही ले जाव."

मालूम है. मला नाही तर कोणाला? चिनूच्या वेळी मीच दिली होती खीर, चाळीस दिवस.

शु.चं दूध बंद व्हायला डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या. छातीला घट्ट पट्टा मीच बांधत होते. तरी ब्लाउज भिजायचे. ते मीच धुवायची.
आणि मीच वाटी पुढे केली.
हात सवयीने चालला. डोकं कुठे होतं कोण जाणे.

१८ मे
काही नाही. पाणी घातलं.

२७ मे
महेश चिपळूणला जाऊन आला. एकटाच. तिकडच्या शाळेत चिनूचं नाव घालायचं म्हणतात, शाळेचा दाखला मागितलाय. दाखला गेला म्हणजे पोरगी गेली.
मी विचारलं, "तू काय म्हणालास?"
"काय म्हणू? तुझं तोंड, आई."
"माझं तोंड तुझ्या जन्माआधीपासून आहे. तू तुझं उघड."
जेवला नाही. दाखल्याचा अर्ज टीव्हीवर ठेवलाय.
खिरीचं त्याला सांगितलं नाही. पुरुषांना काय कळणार. की मलाच सांगायचं नाही.

१ जून
अळीव वीतभर. रोज पाणी मागतात, नाही दिलं तर माना टाकतात. इकडे निवडुंगाचं बुडाचं पान पिवळं पडलं. पलीकडच्या हाटकेश भागातल्या नर्सरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "माताजी, कॅक्टस है, रोज पानी दोगे तो सड़ जाएगा. वो घास निकालो."
घास नाही रे बाबा. पण त्याला काय सांगत बसू.
उपटले नाहीत. उद्या बघू.

७ जून
चिपळूणला फोन लावला. मनाशी घोकून ठेवलं होतं, चूक झाली म्हणायचं. विहीणबाईंनी उचलला, मग शु. आली. "बोला."
माझ्या तोंडून निघालं, "तुझं झाड पिवळं पडलंय."
"काय घातलंत?"
"अळीव."
मागे चिनू कोणाशी तरी भांडत होती, ऐकू येत होतं.
मग म्हटलं. दूध थांबवायचं होतं आणि मी अळीव दिले, शुभांगी. चूक झाली. ध्यानात आलं नाही.
"मला वाटलं, मुद्दाम," म्हणाली.
"मी तोंडाने वाईट आहे. मुद्दाम नाही."
मग म्हणाली, "ते उपटा. मुळांत गेलं तर झाड जाईल. आणि पाणी बंद."
दाखल्याचं ती बोलली नाही. मीही नाही.

८ जून
उपटले. ओंजळभर निघाले. निवडून, चिरून, भाकरीबरोबर खाल्ले. तिखट लागतात.

१३ जून
शाळा सुरू. चिनूच्या बाईंना भेटून आले. "मुलगी कुठाय?" "येतेय." "कधी?" "गाडी मिळत नाहीये." एवढं खोटं चालतं. बाई म्हणाल्या, सोमवारपर्यंत हजेरीत नाव ठेवते, पुढे माझ्या हातात नाही.
महेशला सांगितलं. टीव्हीवरचा अर्ज त्याने उचलला, वाचला, परत तिथेच ठेवला.

१५ जून
खत, २ चमचे. मोजून.
घालताना दिसलं. जुन्या पानाच्या कडेला, खाचेत, टाचणीच्या डोक्याएवढं लालसर काहीतरी आलंय. कळी की नवं पान, मला कळत नाही. दोन्ही सुरुवातीला सारखीच दिसतात म्हणे. शु. ओळखते.

फोन केला. रंग सांगितला, कुठे आलंय ते सांगितलं. टोक वर की खाली, विचारलंन. चष्मा लावून बघून आले, तरी सांगता येईना.
म्हणाली, "असं फोनवर कळत नाही, आई. बघावं लागतं."
मी म्हटलं, "मग बघ. सोमवारच्या आत बघ."
तिने फोन ठेवला नाही.
मीही धरून बसले.