बाजूला बसण्याचं सोंग

कल्याण, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८०६

तीर्थस्वरूप सौ. अक्कास,

द्वारकेचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. भाताची झोडणी आटोपली. भावोजींची मान धरली होती, ती सुटली. जाऊबाईंची प्रकृती उत्तम आहे. दिवसभर माझ्यावर नजर ठेवायची तर माणूस धडधाकटच लागतं.

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. शेजारची सुमती माहेरी ठाण्याला निघाली आहे, तिच्या हाती देते. तुझं मागचं पत्र मला मिळालं तेव्हा त्याची घडी उलटी होती. तू घडी कशी घालतेस ते मला ठाऊक आहे. म्हणजे माझ्याआधी ते कुणीतरी वाचलं.

कोठीची किल्ली जाऊबाईंनी माझ्याकडून काढून घेतली. हे गेल्यापासून या घरचा स्वयंपाक मी सोवळ्यात करते आहे, पण आता तांदूळसुद्धा मापून हातात मिळतात. कारण असं की माझं अंग सुटलं आहे. एकवेळ जेवते, एकादश्या धरते, तरी कंबर भरली, पोट पुढे आलं, नेसलेलं आलवण पुरत नाही. चुलीपुढे बसलं की आतून भडका उठतो, घामाने निथळते आणि घटकेत थंडी वाजते. जाऊबाई म्हणाल्या, "तूप कुठे जातं ते कळलं हो आता." मी हसून घेतलं. वाटलं, तुपावरच निभावलं.

तसं झालं नाही. पूजेला हरिहरभटजी येत, त्यांना भावोजींनी दारातूनच परत पाठवलं. गंध उगाळून, फुलं निवडून त्यांच्यापुढे ठेवायचं काम माझं. कारण विचारायची माझी छाती झाली नाही.

बाजूला बसणं श्रावणापासून थांबलं आहे, हे मागे तुला कळवलंच होतं. मी बसले की जाऊबाईंना चूल सांभाळावी लागते, त्यामुळे माझे दिवस माझ्यापेक्षा त्यांना पाठ. आधी त्यांना सुख वाटलं असेल. मग त्या माझ्या पोटाकडे बघू लागल्या.

आणि मी मूर्खपणा केला. कार्तिकात एका सकाळी "मला शिवू नका" म्हणून पडवीत जाऊन बसले. झालेलं काहीच नव्हतं. वाटलं, तोंडं बंद होतील. घोंगडीवर बसून जाऊबाईंच्या हातचं करपलेलं मुकाट्याने जेवले आणि चौथ्या दिवशी न्हाऊन घरात आले. तोवर त्या विहिरीमागे माझं वाळत काय आहे ते बघून आल्या होत्या. "धुवायला काही नव्हतं वाटतं?" एवढंच म्हणाल्या. सोंग पकडलं गेलं, आणि ते कशासाठी घेतलं तेही त्यांनीच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई सुईण आली. "वैनी, जरा पोट बघू द्या, भिऊ नका," म्हणाली. विधवेच्या पोटावर सुईणीचा हात कशाला, ते न कळण्याइतकी मी भोळी नाही. मी तिला शिवू दिलं नाही. आता तोच पुरावा झाला आहे. पौर्णिमा झाली की भावोजी मला नाशिकला नेणार. यात्रा म्हणतात. पण माझी भांडी, अंथरूण, सगळं बांधायला सांगितलं आहे, आणि यात्रेला कुणी सगळं नेत नाही.

अक्का, तुलाही हेच झालं होतं. तुझंही पोट सुटलं, घाम फुटायचा, तेव्हा तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "सुटलीस बाई, आता देवाधर्माला मोकळी." तुला कुंकू आहे म्हणून ते वय ठरलं, मला नाही म्हणून पाप. हे तू इथे येऊन भावोजींच्या देखत सांगावंस. बाईने पुरुषांपुढे असलं बोलू नये, हे मला कळतं. तरी मागते.

आता जे लिहायचं टाळत होते ते. तुझ्या पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "जे असेल ते मला खरं सांग, मी कुणाला कळू देणार नाही." ती ओळ या घरात माझ्याआधी वाचली गेली. सख्ख्या बहिणीलाच खात्री नाही म्हटल्यावर भावोजींना आणखी काय हवं होतं? त्यानंतरच नाशिकचं निघालं. जाऊबाईंच्या संशयाचं मला फारसं लागलं नाही. तुझ्या ओळीचं लागलं.

मी शपथ घेणार नाही. तू ये. हौसाबाईला शिवू दिलं नाही त्या पोटावर तुला हात ठेवू देईन. पण तो हात खात्री करून घ्यायला ठेवणार असशील तर ठाण्यातच राहा. मी नाशिकला जाईन आणि तिथून कुणाला पत्र घालणार नाही.

सगळ्या घरापुढे जिने सोंग घेतलं आणि तुझ्यापुढे कधीच नाही,
ती तुझी
द्वारका