सदऱ्यातला कोंडा

शनिवार, १२ डिसेंबर १९५३

यशोदेला धाप का लागते ते आज कळलं. दोन महिने झाले, संध्याकाळी तिला एक वाक्यही सलग बोलवत नाही. जडीबुटी झाली, नजर उतरवून झाली.

दुपारच्या सुट्टीत धानाच्या गिरणीतून तसाच घरी जाऊन तिला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "बाई, माहेरी कामठ्याला होता तेव्हा दम लागत होता का?"

ती खाली बघत म्हणाली, "नाई."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे माझ्याच घरात हिचा जीव गुदमरतो?

डॉक्टरांनी माझ्या सदऱ्याच्या कॉलरवरून बोट फिरवलं. बोटाला धानाचा कोंडा. "हा रोज झटकतं कोण?"

"मीच," ती म्हणाली. किती तोऱ्यात. शेजारच्या अंगणात धूळ जाऊ नये म्हणून दार लावून खोलीतच झटकते. आणि मी तिथंच चहा पीत बसलेला असतो. कसं दिसलं नाही मला?

आज संध्याकाळी सदरा गिरणीतच खुंटीला टांगला, नळावर अंग धुतलं आणि बनियनवरच घरी आलो. सवयीनं तिनं दारातच हात पुढे केला. सदरा नाही. हात तसाच राहिला. मग तोच माझ्या गार दंडावर ठेवून म्हणाली, "थंडीत असे उघडेच काऊन आले, मले सांगतले असते तं दुसरा सदरा आणून देल्ला असता ना."

एवढं सगळं बोलली. मध्ये एकदाही थांबली नाही.