लाल मोटारसायकल आणि तिच्या पिशव्यांची माझ्यामागची व्यवस्था

परम दयाळू, परम कृपाळू अल्लाच्या नावाने.

मी अनारकुल, मामबेतअली यांची पत्नी, वय सत्तावन्न, दहावी पास, काम घर सांभाळणे, राहणार साझ-बुलाक, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणी जोर केलेला नाही, आणि मी घाबरलेली आहे. शेवटचं मुल्ला गाळायला सांगत होते. ते मला एजे, म्हणजे ताई, म्हणतात. "अनारकुल एजे, मृत्युपत्रात असं लिहीत नसतात." पण खालच्या सहीने वरचं सगळं खरं ठरतं म्हणतात, मग मुख्य गोष्टच कशी गाळू? येत्या सोमवारी बिश्केकच्या इस्पितळात माझी छाती उघडून हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टरीणबाई चांगली आहे, हात थोपटून बोलते. ती हात थोपटते तेव्हाच जास्त भीती वाटते.

पतीचं नाव वर आलं ते फक्त कायद्यासाठी. लग्न झाल्यापासून मी ते तोंडाने घेतलेलं नाही. पुढे 'घरधनी' असंच लिहीन.

पहिले. घर, अंगण, सफरचंदाची झाडं आणि करडी घोडी घरधन्यांची आहेत. त्यावर माझा शब्द नाही. माझ्या मालकीचं एवढंच: दोन गायी, शिलाई मशीन, लग्नातली चांदी, आणि शर्यतीच्या बांधणीची लाल जपानी मोटारसायकल, जिचे कागद माझ्या नावावर आहेत. वाचणाऱ्याने हसून घ्यावं. कागद करताना कचेरीच्या खिडकीतला मुलगाही हसला होता. "काय आजी, शर्यतीत उतरणार?" मी म्हटलं, "उतरते की. आधी तू ही रांग संपवून दाखव."

झालं ते असं. मुलगा एर्मेक रशियात बांधकामावर निघाला तेव्हा तिकिटासाठी ही मोटारसायकल व्यापाऱ्याला द्यायला बसला होता. मी माझी तिसरी गाय विकली, साठवलेले पैसे वर घातले आणि मोटारसायकल स्वतःच घेतली, म्हणजे तो परत येईल तेव्हा त्याला काहीतरी वाट पाहत उभं दिसेल. वर्षभर ती गोठ्यात नमद्याखाली, लोकरीच्या जाड पांघरुणाखाली, होती. मग एर्मेकसारखीच मला आपा, म्हणजे आई, म्हणणारी सून अक्मरल हिला बिश्केकच्या रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिची कामाची पाळी सुरू होते तेव्हा आमच्या गावची पहिली मिनीबस अजून निघालेलीही नसते. एका सकाळी हिने नमदा ओढला.

"अक्मरल, लोक काय म्हणतील?"

"आपा, हेल्मेटमध्ये काही ऐकू येत नाही."

चालवायला तिला एर्मेकनेच शिकवलं होतं, लग्नाआधी. कुठे आणि कधी, ते मी विचारलेलं नाही आणि कोणी विचारू नये.

दुसरे. पिशव्यांबद्दल. हे सविस्तर लिहिते, कारण माझ्यामागे त्या फाटतील आणि कोणीतरी दुरुस्त करताना चूक करेल.

या गाडीवर शिवणाची सुई ठेवायलाही जागा नाही. बनवणाऱ्याला वाटलं असावं की माणूस डबा न घेताच घराबाहेर पडतो. सुरुवातीला अक्मरल पाठीवर पिशवी घेई. पण या गाडीवर पुढे वाकून बसावं लागतं. पिशवी सरकून हेल्मेट मानेत ढकले आणि पोर संध्याकाळी मान वळवू शकत नसे. मग मागच्या सीटवर फळांची खोकी बांधली, ती वळणावर डुलली आणि मागचा दिवा झाकला. शेवटी मी माझ्या लग्नातला कुर्जुन काढला. घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी लोंबतो तो जोडझोळा. त्याच्यावरून माप घेऊन ट्रकच्या तिरपालाचा नवा शिवला. आत आकार राहावा म्हणून तेलाच्या कॅनचं प्लास्टिक कापून घातलं. पट्टे भंगारातल्या गाड्यांच्या सीटबेल्टचे आहेत. दुसरे लावू नका, ताणले जातात.

उजव्या बाजूला धुराची नळी वर चढलेली आहे. पहिल्याच आठवड्यात त्या बाजूची पिशवी करपली आणि डब्यातल्या बोर्सोकना, कणकेच्या तळलेल्या तुकड्यांना, धुराचा वास लागला. प्रयोगशाळेतल्या बायकांना वाटलं, साझ-बुलाकला तशीच तळतात. म्हणून त्या बाजूला आतून नमद्याचे दोन थर आहेत. लोकर जळत नाही, फक्त घाण वास मारते. बाहेर शेजारी शाकिरने पत्रा बसवला आहे आणि पत्रा आणि पिशवी यांच्यामध्ये बोटभर मोकळी जागा ठेवली आहे. ती जागा कोणी भरू नये. वारा तिथूनच जातो.

दोन्ही बाजूंचं वजन सारखं ठेवावं. जास्त असेल ते सीटच्या जवळ, टोकाला कधीच नाही. टोकाला भार गेला की पुढचं चाक हलकं होतं. हे मला अक्मरलने सांगितलं नाही. तिचा चेहरा पाहून मला कळलं.

आता पट्ट्यांच्या टोकांबद्दल. खोगिराच्या मागे सामान बांधायच्या ज्या वाद्या असतात, कांजिगा, त्या आमच्याकडे लांबच सोडतात. घरधन्यांनी या पिशव्यांनाही तशाच लांब सोडायला लावल्या. एका सकाळी फाटकातून बाहेर पडताना एक टोक मागच्या चाकात गेलं, गुंडाळलं आणि चाक जागच्या जागी धरलं. अक्मरल गाडीसकट आडवी. वेग चालण्याइतका होता, गुडघ्यावर निभावलं. तीच वादी महामार्गावर, ट्रकच्या पुढे असताना चाकात गेली असती तर, एवढाच विचार मी त्या दिवशी केला आणि त्यानंतरही रोज करते. मी कात्री आणली.

घरधनी ओरडले, "वाद्या कापतेस? कापल्या की स्वार रिकाम्या हाताने घरी येतो!"

"रिकाम्या हाताने येऊ दे. पण येऊ दे."

प्रत्येक टोक आता दुमडून शिवलेलं आहे. उसवलं तर त्याच दिवशी शिवावं.

तिसरे. माझ्या मयताबद्दल. कफन कपाटात वरच्या खणात आहे, कापूर त्याच्याजवळ. माझ्या नावाने घोडा कापू नये. भुकेल्याला जेवू घाला, पण गावाला मेजवानी नको. अल्लाला घोड्याची गरज नाही आणि मला तर त्या दिवशी भूकच नसेल.

हे लिहायचं कारण तुर्सुनबुबू, माझी नणंद. मागच्या आठवड्यात ती माझी तब्येत पाहायला आली आणि माझ्या खाटेवर बसून माझ्याच मयताची तजवीज करू लागली. "सुनेने चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नाही. आल्यागेल्याचा चहा कोण करणार? आणि ते लाल भूत विका, त्यात चांगला पुष्ट घोडा येईल."

मी म्हटलं, "मी अजून इथेच आहे, तुर्सुनबुबू."

"माहीत आहे. म्हणूनच विचारते."

म्हणजे मी गेले की पहिली जाईल ती मोटारसायकल, तिच्यामागून नोकरी, आणि माझी सून चुलीपुढे बसेल. म्हणून लिहिते: अक्मरलने तीन दिवस रडावं, चौथ्या दिवशी कामावर जावं. रजा तेवढीच मिळते. चहा तुर्सुनबुबूने करावा. तिच्या हातचा चांगला होतो, हे मी तिच्यासमोर कधी म्हटलेलं नाही.

चौथे. गायी, मशीन आणि चांदी घरधनी आणि एर्मेक यांच्यात शरियतने ठरवल्याप्रमाणे वाटावी. लाल मोटारसायकल, तिच्या सर्व पिशव्या, पत्रा आणि हेल्मेट मी सून अक्मरल हिला देते.

याबद्दल काल जुम्म्याच्या नमाजानंतर मुल्ला ओरोझबाय यांना घरी बोलावलं. चहा झाला, जर्दाळूचा मुरांबा झाला, मग ते म्हणाले, "सून तुमची वारस नाही."

मी मुरांब्याची वाटी त्यांच्यापुढून उचलली.

"वारस नाही, म्हणूनच तर देता येतं," ते हसले. "नवऱ्याचा आणि मुलाचा हिस्सा अल्लाने ठरवला, तो तुम्ही लिहून वाढवू शकत नाही. जी वारस नाही तिला मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत देता येतं."

मी माझ्या सवयीप्रमाणे हिशेब मांडूनच ठेवला होता. मोटारसायकल तिसऱ्या हिश्श्याच्या थोडी वर जाते. तिरपाल असतं तर कापून बसवलं असतं. ही कापता येत नाही.

"मग वरच्या भागाला वारसांची संमती लागेल," मुल्ला म्हणाले.

एर्मेकला लगेच फोन लावला. तो म्हणाला, "आपा, असलं बोलू नकोस, हो, हो." घरधनी दाराशी बसले होते. मी म्हटलं, "अहो, ऐकलंत ना? तुम्हीही हो म्हणा."

तेव्हा मुल्लांनी हात वर केला. "आत्ताचा हो धरत नाहीत, एजे. दोघांचाही नाही. वारसाने तो तुमच्या मृत्यूनंतर द्यायचा असतो."

"म्हणजे मला ऐकू येणार नाही तेव्हा?"

"तेव्हाच."

एर्मेकचं मला ठाऊक आहे. घरधन्यांचं नाही. आयुष्यात त्यांनी आपल्या बहिणीला नाही म्हटलेलं मी पाहिलेलं नाही. त्यांनी साखरेचा खडा दाताखाली फोडला, उठले आणि घोडीकडे गेले. रात्रभर मला एकच वाटत राहिलं, की ज्या एका शब्दावर त्या पोरीचं सगळं अवलंबून आहे, तो मला कधीच कळणार नाही. झडपेच्या भीतीपेक्षा ही भीती मोठी निघाली.

पाचवे. रोज सकाळी अक्मरल निघण्यापूर्वी मी चारही पट्टे ओढून पाहते, नळीचा पत्रा हलवून पाहते आणि वाहनावर बसतानाची दुआ तिच्याकडून म्हणवून घेते. संध्याकाळी गाडीचा आवाज वळणावर येईपर्यंत मी भाकरीला हात लावत नाही. हे काम आणि ही भीती मी घरधन्यांना देते. मुल्ला म्हणतात, भीती मालमत्तेत धरत नाहीत, कोणालाही कितीही देता येते. घोड्याचा तंग आवळणारा हात त्यांचाच आहे. माझा नुसता शिवणारा.

हा कागद मी आज उजाडताच, अक्मरल निघण्यापूर्वी, घरधन्यांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा शोधला, बाहेर अंगणात जाऊन वाचला आणि बऱ्याच वेळाने आणून दिला. खाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. मी त्यातलं काही बदललेलं नाही.

"मी मामबेतअली. वाचलं. तुर्सुनबुबूकडे जाऊन सांगून आलो, घोडा कापायचा नाही आणि गाडी विकायची नाही. ती चिडली आहे. पोर निघायच्या आधी पट्टे मी ओढले. डावीकडचा ढिला होता. मुल्ला म्हणतात माझा हो आत्ता चालत नाही, तू गेल्यावरच चालेल. तो माझ्याजवळ तयार आहे. अनार, मला तो म्हणायला लावू नकोस."

लिहून देणार: अनारकुल (सही)

साक्षीदार:
१. मुल्ला ओरोझबाय (सही)
२. शाकिर, शेजारी, वेल्डिंगचं काम (सही)

ठिकाण: साझ-बुलाक, चुई खोरे
शनिवार, १४ सप्टेंबर २०१९